एका माणसाचं भांडं

नानाच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी बीडमधल्या माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर वर करत होतो. "काका, नाना गेले... झोपंतच," एवढंच बोलून तो रडायला लागला. दुकान तसंच बंद केलं आणि मांजरसुंब्यापुढचं त्याचं गाव गाठलं. ओट्यावर भाऊबंदांपैकी चारदोन माणसं बसली होती. बाकी शुकशुकाट.

आम्ही कॉलेजात एका खोलीत राहिलो. पुढं तो पुढारी झाला, तालुका त्याला नाना म्हणू लागला, आणि मीही. पंचायत समितीच्या राजकारणात त्यानं काय कमावलं मला माहीत नाही, पण त्याच्या घरातून कुणी उपाशी गेलं नाही. शांतावहिनी डेगभर येसराची आमटी करायच्या. भाकरी थापायला दोन बायका असायच्या. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला नाना आधी पाटावर बसवायचा, अर्ज नंतर बघायचा. दिलीप तर त्याच घरात जेवून लहानाचा मोठा झाला, नानाचा उजवा हात झाला. शेवटच्या निवडणुकीआधी तोच दिलीप पलीकडच्या गटात गेला. नाना पडला. त्याच वर्षी वहिनी गेल्या, आणि हळूहळू माणसं यायची थांबली...

मुलानं पुण्याला चला म्हणून फार विनवलं. "तिकडं मला कोण वळखतंय बे?" नाना मला म्हणाला. शेवटी सुनेनं एक भांडं आणून दिलं. बिडाचं, बाहेरून गर्द निळा मुलामा, आतून पांढरं, वर जड झाकण. एका माणसाची खिचडी किंवा भाजी बरोबर मावेल एवढंच. "बीडच्या माणसाला बिडाचं भांडं पुण्याहून आणावं लागलं!" असं म्हणून तो हसला, पण ते हसणं लगेच विरलं. पहिले काही महिने तो मोठ्या पातेल्यातच शिजवायचा आणि उरलेलं कुत्र्यांना घालायचा. मग एकदा गेलो तर पातेली माळ्यावर गेली होती आणि गॅसवर ते निळं भांडं होतं. रविवारी मी घरून डबा न्यायचो, तेवढा एक दिवस ते भांडं पालथं असायचं.

मागच्या हिवाळ्यात कपिलधारच्या देवस्थानाला जाऊन, तिथं प्रसादाचं जेवून परतताना त्याच्याकडं डोकावलो. खिचडी नुकतीच उतरवली होती. तेवढ्यात दारात दिलीप. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेला, मान खाली. इतक्या दिवसांनी तो घरात पाऊल टाकत होता.

"जेवलास का?" नानानं विचारलं.

"न्हाई... पण असू द्या नाना."

"बस."

नानानं भांडं ताटात उपडं केलं. तळ खरवडून वाढलं, वर तेल घातलं.

"आन् तुमी?"

"माझं आत्ताच झालं."

दिलीप खाली मान घालून सगळं जेवला, पाया पडला आणि गेला. मला राहवलं नाही. "कावून वाढलंस त्याला? तुझ्या पोटात काय हाय आता?"

नाना भांडं विसळत होता. पाठमोराच म्हणाला, "शांता गेल्यापासून ह्या घरचं जेवायला बसलेला त्यो पयलाच माणूस हाय बे." मग मूठभर शेंगदाणे खाऊन वर तांब्याभर पाणी प्यायला.

तेराव्याला मात्र अंगणात मांडव पडला. आचारी आले आणि सगळा तालुका लोटला. जिवंतपणी ज्यांनी दार ओलांडलं नाही ते पंगतीत बसून नानाच्या आठवणी सांगत होते. मी उठून आत स्वयंपाकघरात गेलो. दिलीप सकाळपासून वाढत होता. दुपार कलल्यावर पाणी प्यायला आत आला आणि गॅसजवळ थबकला.

"ह्ये एवढंच भांडं होतं का नानाला?"

"एकाचंच," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. त्या खिचडीच्या दिवसाचं सगळं त्याच्या तोंडावर उमटत गेलेलं मी पाहिलं. नानाच्या मुलानं आत येऊन त्याचा हात धरला, "दिलीपभाऊ, शेवटची पंगत हाय. बसा आता."

"न्हाई," दिलीप म्हणाला, "नानाच्या वाटचं जेवलोय मी."

त्यानं आमटीची बादली उचलली आणि बाहेर वाढायला गेला.