लिस्टवरची खोली

"कुलूप बदलून मिळेल का, मिस्ये?"

लीला माझ्या टेबलासमोर उभी होती. ऑफिसात सगळी मुलं मला मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणत. बस म्हटलं तरी बसली नाही.

"कुलपाला काय झालं?"

"नीट लागत नाही."

एवढंच बोलली. मागे रांगेत तीन मुलं उभी होती, त्यांच्याकडे तिने एकदा वळून पाहिलं. मी कागदावर टिपून घेतलं, "बघतो," म्हणालो आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी आमच्या बेटावरच्या एका कॉलेजात लॉजिंग ऑफिसर होतो. नाव मोठं, काम साधं. कॉलेजला हॉस्टेल नव्हतं. लांबच्या गावांतली मुलं यायची, समुद्रापलीकडच्या छोट्या रॉड्रिग्स बेटावरूनही यायची. त्यांच्यासाठी आसपास भाड्याच्या खोल्या शोधायच्या, जाऊन पाहायच्या आणि बऱ्या वाटल्या तर यादीत घालायच्या. या यादीला सगळे लिस्ट म्हणत. खोली लिस्टवर आहे म्हणजे कॉलेजच्या माणसाने ती पाहिली आहे. आईबाप तेवढ्यावर पोर सोडून जात.

पाहायला जाणं म्हणजे इन्स्पेक्शन. त्याचा एक फॉर्म होता. खिडकी आहे का, नळाला पाणी येतं का, वीज आहे का, घरात माणसं किती. कुलपाचा रकानाच नव्हता.

लीलाचे वडील प्लेन मान्येन गावचे. एअरपोर्टवर सामान चढवायचं काम करायचे. तिथून कॉलेजला यायचं तर दोन बस बदलाव्या लागत, म्हणून खोली हवी होती. मी त्यांना आधी एका म्हाताऱ्या विधवा क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, बाईंची खोली सांगितली. तिथे जोज्यान नावाची रॉड्रिग्सची मुलगी राहत होती, लीलाच्याच वर्गातली. तिला जोडीदारीण हवी होती. वडिलांनी नकारार्थी मान हलवली.

"परक्या पोरीबरोबर कशी ठेवू, भाऊ? आपल्या माणसाचं घर बघा ना."

मीही मोंतान्य ब्लांश गावचा, त्यांच्यासारखाच पणजोबांच्या काळी या बेटावर आलेल्या मराठी कुटुंबातला. त्यांच्या मनातलं मला कळलं, खरं तर पटलंही. कॉलेजजवळच बो बासेंला भिवा मास्तर होते. रिटायर्ड शिक्षक. देवळाच्या कमिटीवर होते, शनिवारी मुलांना मराठी शिकवायचे. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूची खोली लिस्टवर होती आणि नुकतीच रिकामी झाली होती. आधीची मुलगी टर्मच्या मध्येच सोडून गेली होती. रजिस्टरमध्ये कारण लिहिलेलं होतं, घरगुती. अक्षर माझंच.

मी इन्स्पेक्शनला गेलो होतो तेव्हा मास्तरांनी चहा दिला, गणपतीच्या वर्गणीबद्दल बोलले. खोली स्वच्छ होती. पलंग, टेबल, भिंतीला लागून एक जड लाकडी कपाट. मी खिडकी उघडून पाहिली, नळ सोडून पाहिला आणि सही केली.

तर कुलूप. लीला गेल्यावर मी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, तुमच्याकडे राहणारी मुलगी म्हणते, कुलूप नीट लागत नाही."

"ती म्हणाली?"

"हो."

"कुलूप चांगलं आहे. आजकालच्या पोरींना सगळ्यात खोट दिसते. मी बघतो."

मी कागदावर 'सांगितलं' असं लिहून तो फाइलला लावला.

आठवड्याभराने दुपारी जोज्यान ऑफिसात आली. ती रांगेत थांबली नाही. सरळ टेबलाशी येऊन क्रेओलमध्ये, इथल्या सगळ्यांच्या बोलीत, म्हणाली, "मिस्ये, तुम्ही त्यांना फोन का केलात?"

मग तिने सगळं सांगितलं. लीला वर्गात गेली की खोलीत कोणी तरी येऊन जायचं. कपडे हलवलेले असायचे. रात्री ती दाराला आतून खुर्ची लावून झोपायची, तरी सकाळी कपडे हललेले असायचे. माझा फोन गेला त्या संध्याकाळी मास्तर तिला म्हणाले, "ऑफिसात माझं नाव घेतेस?" आणि काल भर दुपारी ती ताप आला म्हणून झोपली होती. डोळे उघडले तर मास्तर पलंगाशी उभे. ती ओरडली, त्यांचा हात झटकून पळाली, अनवाणी जोज्यानच्या घरापर्यंत धावत गेली.

"खुर्ची होती ना दाराला?" मी विचारलं.

"दाराला होती," जोज्यान म्हणाली. "तुम्ही चला आणि बघा."

आम्ही दोघं गेलो. मास्तर घरात नव्हते. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाली. जोज्यानने आणि मी कपाट ओढलं. ते वाटलं तेवढं जड नव्हतं, खाली तळाला चाकं होती. मागे एक दार होतं. घरातून खोलीत उघडणारं. बिजागऱ्यांना ताजं तेल.

मी ते ओढून पाहिलं. आवाज न होता उघडलं.

मास्तरांची बायको मागून आली. हातात लीलाची बॅग. कपडे नीट घड्या करून भरलेले, चपला कागदात गुंडाळलेल्या.

"न्या," ती मराठीत म्हणाली. "मागच्या पोरीची पण मीच भरून दिली होती."

"मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही, मावशी?"

"तुम्ही विचारलं होतं?"

तिने खोलीचा दिवा घालवला आणि आत निघून गेली.

रजिस्ट्रारसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घर लिस्टवरून काढा. कारणाचा रकाना कोरा ठेवा."

"पोलिसांत जायला हवं, सर."

"मुलीचे वडील जातात का ते विचारा."

मी प्लेन मान्येनला गेलो. वडील अंगणात बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते. "पोरीचं लग्न व्हायचंय, भाऊ," म्हणाले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. लीला आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही. मी तिची माफी मागायला गेलो होतो, ते तसंच राहिलं.

मी कारणाचा रकाना कोरा ठेवला नाही. घडलं ते चार ओळींत लिहिलं. रजिस्ट्रारसाहेबांनी ते पान बदलून घेतलं.

लीलाने कॉलेज सोडलं. पुढे तिकडच्याच एका स्वेटरच्या फॅक्टरीत लागली, असं जोज्यानकडून कळलं. मास्तर देवळाच्या कमिटीवर राहिले. पुढच्या वर्षी बस स्टेशनजवळच्या दुकानात एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. विद्यार्थिनीसाठी खोली, चांगलं घर. मी ती फाडली. तिसऱ्या दिवशी नवी लागली. तीही फाडली. नंतर दुकानदाराने मला दुकानात येऊ नका म्हणून सांगितलं.

आधीच्या मुलीला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिने का द्यावं?

त्यानंतर मी इन्स्पेक्शनचा फॉर्म बदलून घेतला. कपाटं हलवून बघू लागलो, चहाला नाही म्हणू लागलो, माझ्या लोकांच्या घरी तर जास्तच. रिटायर होताना माझ्या जागी आलेल्या बाईंना मी एकच गोष्ट सांगितली. खोली सोडून गेलेल्या मुलीला शोधून काढा, तिला का गेलीस ते विचारा आणि तोवर ती खोली दुसऱ्या कोणाला देऊ नका.