लातूरची गाडी, पाठीवर पडून पाहिलेली

पहाटेच्या एस.टी.नं नांदेड सोडलं तेव्हा माझ्या पर्समध्ये शेजारच्या मेकॅनिकनं दिलेली चिठ्ठी होती : धूर बघा, टायर बघा, खालचा पत्रा ठोकून बघा. लातूरला एकाला स्टेशन वॅगन विकायची होती. आमचे 'हे' गच्चीवरून पडल्याला वर्ष झालं. बसता येत नाही, आणि बोलणंही आटलेलं. आडवं नेता आलं तर हिंडवा, असं डॉक्टर म्हणाले होते. आडवं झोपता येईल अशी गाडी मिळाली नसती, तर मी काय करणार होते कोण जाणे.

लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. कचेऱ्यांच्या पाट्यांना ताज्या रंगाचा वास होता आणि पाट्यांखाली रिकाम्या घागरींची रांग.

गाडीचे मालक अप्पा किराणा दुकानदार. सहा फूट उंच, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी माझ्या हाती अर्धाच तांब्या पाणी दिलं आणि ओशाळले. "राग मानू नका बाई, सध्या इतकंच हाय." वर ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगांची चटणी मात्र पोटभर वाढली.

मी चिठ्ठीबरहुकूम छत्रीच्या मुठीनं पत्रा ठोकू लागले.

"बाई, गाडी हाय, मडकं न्हाई," अप्पा हसले.

औशाच्या रस्त्याला चक्कर मारायला निघालो. अर्ध्या वाटेत बॉनेटमधून वाफ. अप्पांनी सीटखालून पाण्यानं भरलेला डबा काढला, आणि माझं डोकं फिरलं.

"पाहुण्याला अर्धा तांब्या आणि गाडीला डबाभर? गळते हे ठाऊक होतं तुम्हाला!"

"हाव (हो)," ते मान खाली घालून म्हणाले. "सांगितलं तर कोण घील?"

मी सांगूनच टाकलं, या गाडीत कोण झोपणार आहे ते. अप्पांनी हातातला डबा खाली ठेवला.

"मग अशी न्हाई देत म्या."

ही गाडीही हातची गेली, असं मला वाटलं. पण त्यांनी गाडी हळूहळू थेट गॅरेजला नेली आणि दुपारपर्यंत रेडिएटरला डाख (झाळण) लावून घेतला. मग आपल्या धाकट्या भावाला स्टिअरिंगवर बसवून स्वतः मागं आडवे झाले.

"अहो, कुठपर्यंत?"

"नांदेडपर्यंत. झोपून कसं लागतंय, बघाय नको?"

चाकूरच्या अलीकडं मागून "आई गं!" ऐकू आलं, आणि भावाला एक शिवी. माझा राग तिथंच रस्त्यावर सांडला. फसवायला निघालेला माणूस इतका आपला वाटेल, असं सकाळी कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पाणी पुन्हा घालावं लागलं नाही.

घरी पोचताच अप्पा कंबर चोळत यांच्या खाटेशी गेले.

"साहेब, चाकूरपाशी दोन गचके (धक्के) हायत. जाड गादी टाका. बाकी झोप लागती."

यांनी मान वळवली. किती महिन्यांनी आपणहून काही विचारलं.

"पडल्यापडल्या दिसतं काय?"

"आभाळ. नुस्तं कोरडं आभाळ, साहेब."

"चालतंय की," हे म्हणाले. "वर्षभर छताच्या तुळया मोजत राहिलो. उद्याच निघू."