चिंचेवरचा भोंगा

तुमच्या घरी पोट दुखलं की आधी काय येतं, डॉक्टर की अंगारा?

आमच्या घरी अंगारा आला. आईच्या बेंबीच्या वर महिनाभर आग पडत होती, जेवण उलटत होतं. मोठी काकू मात्र ठाम होती. "चिंचेखालून गेलती ते. तिथलंच लागलं तिले."

मी (अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटून बोटं काळी झालेला कार्यकर्ता!) ढाणकीहून भोंगा भाड्याने आणला, त्याच चिंचेवर बांधला आणि सभा ठेवली.

आई म्हणाली, "भूत नाही निघालं, तर उद्या दवाखान्यात चालतो."

कातरवेळ होती. धुकं कपाशीवरून सरकत पारापर्यंत आलं होतं. कॉलर माइकची क्लिप तुटकी, म्हणून तो मी शर्टाच्या खालच्या बटणात खोचला. आवाज पोचेना. भोंगेवाल्या बबनने व्हॉल्यूम पूर्ण वाढवला.

"भूत असेल," मी गरजलो, "तर त्यानं आत्ता बोलावं!" आणि हात बांधून गप्प उभा राहिलो.

पान हललं नाही. कुत्रीही चूप. मग चिंचेच्या शेंड्यातून आवाज उतरला. आधी विहिरीच्या तळाशी कुणी दगड ओढत असल्यासारखा, मग लांबलचक कण्हणं, आणि शेवटी पाण्याखालून कुणी विचारावं तसं, "गुऽऽऊं?"

काकूने पदर डोक्यावर घेतला. हळूच म्हणाली, "बोललं."

सभा निघून गेली. बबनही गेला (भोंगा सोडून!). मी चिंचेचं खोड धरून उभा राहिलो. (तत्त्वासाठी थांबलो, असं नंतर पत्रकात छापलं.)

पुन्हा, "गुऽऽऊं?"

आई तेवढी बसून होती. ती उठली आणि माइकशेजारी माझ्या पोटाला कान लावला.

"काय खाल्लं तू?"

"तुरीच्या उकडलेल्या शेंगा. टोपलंभर."

"तुयं भूत आतड्यात हाय, लेका. लहानपणापासून ओळखतो मी याले. काहून गावाले भेव दाखवून राह्यला? चाल उद्या दवाखान्यात."

मला दाखवायला म्हणून ती यवतमाळला आली. तिथे मी तिचंही नाव लावलं. दुर्बिणीतून तिच्या जठरात व्रण दिसला. आता औषधाने भरतोय. माझं निदान: गॅस.

गाव अजून त्या चिंचेखालून जात नाही. म्हणून एवढं करा. पोटातली आग थांबत नसेल, तर अंगाऱ्याआधी दवाखाना गाठा. आणि आमच्या गावात आलात तर हे तुम्हीच सांगा. तिथे माझ्यापेक्षा माझ्या पोटाचंच जास्त ऐकतात.