मामूंचे चार गोल

बीड जिल्ह्यात हॉकी कोण खेळतं, असं मामूंच्या तोंडावर विचारून हातातला चहा सुखाने संपवलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. मामू आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधले फिटर आणि कारखान्याच्या हॉकी टीमचे सर्वेसर्वा. मी तिथेच टाइम ऑफिसात कारकून. चेअरमनसाहेबांपासून उसाच्या गाडीवानापर्यंत सगळे त्यांना मामूच म्हणत. वेल्डरच्या जागेसाठी कुणी आला की ते आधी त्याच्या पोटऱ्या बघत आणि विचारत, "वेल्डिंगचं ऱ्हाऊ दे. लेफ्ट आउटला पळशील का बे?" अशा रीतीने आम्हाला दोन झकास फॉरवर्ड मिळाले आणि वर्कशॉपच्या टाकीला कायमची गळती लागली. मोडलेली स्टिक ते सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून जोडत, आणि जोडताना तिची समजूतही काढत. जेवायला बसले की ताटातला कांदा फुलबॅक व्हायचा, भाकरीचे तुकडे फॉरवर्ड व्हायचे आणि गोल होईपर्यंत भाजी निवून जायची. मामी म्हणायच्या, "यांना भूक लागतच न्हाई, पेनल्टी कॉर्नर लागतो."

मग तो दुष्काळ आला. शिवारात ऊसच उरला नाही, तर कारखाना पेटणार कशाने? चेअरमनसाहेबांनी मामूंना बोलावून सांगितलं, "फायनलला गेलात तर टीम ठेवू. न्हाईतर औंदापासून बंद. मलाबी सभासदांना तोंड दाखवायचंय." त्या दिवसापासून मामू ताटात खेळेनासे झाले. मुकाट्याने जेवायचे. मामींनाच ते बघवेना.

सेमीफायनल आमच्याच मैदानावर होती, एका सूतगिरणीच्या टीमशी. त्यांचा टेम्पो वाटेत दोनदा बंद पडला, त्यामुळे पोरं उतरली ती थेट खेळायलाच. मध्यंतराला मी फळ्यावर खडूने चार-शून्य लिहिलं, आपला चार जरा मोठाच काढला. कडेला आमच्यासाठी दोन माठ भरलेले होते. टँकर चार दिवसांनी येई. त्यातलंच पाणी खेळाडूंनी घरून तांब्या-तांब्याने आणून साठवलं होतं. मामूंचं लक्ष पलीकडे गेलं. सूतगिरणीची पोरं बाभळीखाली ओठांवरून जीभ फिरवत बसली होती, पण कुणी मागत नव्हतं. दुष्काळात परगावी पाणी मागायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि पाहुण्यावर मागायची वेळ येऊ द्यायची नसते, हे त्याच्या आईबापांना कळतं. मामूंनी दोन्ही माठ त्यांच्यापुढे नेऊन ठेवले.

"मामू, आन आमाला?" आमच्या कॅप्टनने विचारलं.

"माठ परत येताना उरलं तर घोटभर घ्या. तहानल्याला हरवून घरी काय सांगताल?"

उरलं नाही. उत्तरार्धात ती पोरं वासरासारखी उधळली आणि आमच्या पोरांच्या पायात गोळे आले. एक, दोन, तीन, चार गोल मी पुसत आणि लिहीत गेलो. पाचवा लिहिताना खडू मोडला. मला मामूंचा इतका राग आला, की आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. टीम बंद झाली, स्टिका स्टोअरच्या माळ्यावर गेल्या. मामू मात्र त्या संध्याकाळी सूतगिरणीचा टेम्पो दुरुस्त करून देऊन मगच घरी गेले होते.

बऱ्याच वर्षांनी, दोघेही रिटायर झाल्यावर, त्यांच्या ओट्यावर बसून मी विचारलंच, "मामू, पस्तावा होतो का हो?"

ते म्हणाले, "टीम गेली त्याचं लई वाईट वाटतं, सायेब. पण डोस्क्यात दुसरंच हाय. चार गोल व्हते म्हणून दिलं का मी पानी? एकच असता तर दिलं असतं का? ते काय मला अजून कळंना."

मी नुसता हसलो आणि विषय बदलला. एक सोडा, आपण चार गोलांनी मागे असतो तरी मामूंनी ते माठ उचललेच असते, याची मला खात्री होती. ती त्यांना तेवढी बोलून दाखवायला हवी होती. त्याच उन्हाळ्यात मामू गेले.