फाटक्या आवाजाचं मशीन

भोंग्यातून आवाज फाटला की लोक आधी शिव्या देतात आणि मग पैसे कापतात. हे मी पवनीला दुसऱ्याचे भोंगे झाडावर बांधता बांधता शिकलो. पुढे स्वतःचे भोंगे घेतले, माइक घेतले, आणि ऐंशी सालानंतर माझी स्वतःची ऑर्केस्ट्रा पार्टी उभी राहिली. बापाने काही ठेवलं नव्हतं, बँक दारात उभी करत नव्हती. जे घेतलं ते भाव पाडून घेतलं. वस्तूत खोट काढायची, तोंड वाकडं करायचं, दोन पावलं दाराकडे टाकायची. एवढ्यावर माझा संसार आणि माझी पार्टी दोन्ही चालली.

पार्टीत गिटार वाजवायला माझा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, होता. कुठून तरी इंग्रजी कॅसेटी आणून ऐकायचा आणि तशीच गिटार वाजवायला बघायचा. पण माझ्या भोंग्याच्या मशीनमधून, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून, ती गिटार सतारीच्या धाकट्या बहिणीसारखी वाजायची. एक दिवस त्याने सांगितलं की नागपूरची एक पार्टी त्याला बोलावते आहे.

"त्यांच्याजवळ गिटारचं मशीन आहे, भाऊजी. आवाज फाटते त्यातून, पण मस्त फाटते."

"आन् मी तसं मशीन घेतलं तं?"

"मंग मी कायले जाऊ? बहीण इथं, घर इथं."

तो गेला असता तर पार्टी बसली असती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांत, बैलांच्या शर्यतीच्या शंकरपटात लोक त्याच्यासाठी येत होते. मी गाणारा नाही, वाजवणारा नाही. माझी पार्टी म्हणजे तोच होता. म्हणून दिवाळीआधी आम्ही दोघे नागपूरला गेलो.

सीताबर्डीतल्या एका दुकानात गिटारची तीन मशीनं होती. दुकानदाराचा मुख्य धंदा पेट्या आणि तबल्यांचा. पहिलं मशीन नवंकोरं, चकचकीत. त्यातून आवाज फाटायचा, पण डब्यात डास कोंडल्यासारखा. दुसरं मोठं होतं. साळ्याने जाड तारांवर तळहात टेकवून भराभर ठोके मारले, तर सगळे ठोके एकमेकांत मिसळून भाताच्या रोवणीच्या बांधीतला चिखल झाला.

"रिदमचा आवाज फाटला पायजे, पण ठोका ठोका अलग ऐकू आला पायजे," तो मला समजावत होता. "आन् लीडले एक सूर धरला का तो मरू नये. धरून ठेवला तं रडत राहिला पायजे."

तिसरं मशीन कोपऱ्यात होतं. एका बंद पडलेल्या पार्टीचा माल, कापड फाटलेलं, आत जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह, आणि रिदमवरून लीडवर जायला पायाने दाबायचं एक बटण. साळ्याने ठोके मारले. प्रत्येक ठोका पोटात बसला. मग त्याने बटण दाबून एक सूर धरला. तो सूर दुकानभर उभा राहिला, हलला, चिरकला, आणि थांबायचं नावच घेईना. साळ्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नातही त्याचा चेहरा तसा फुलला नव्हता.

मी त्याला बसमध्ये दहा वेळा बजावलं होतं की पसंत पडलं तरी थोबाड उतरवून ठेव आणि शेठसमोर चकार शब्द काढू नको. आता दुकानदारही त्याच्याकडेच पाहत होता. मला सावरून घेणं भाग होतं.

"काय हे, शेठ!" मी ओरडलो. "आवाज केवढा फाटून राहिला! हे मशीन आहे का भंगार?"

"जुना माल आहे, भाऊ. थोडंफार राहतेच."

"थोडंफार? माह्या गावात हे लावलं तं लोक मले झोडपतीन. आवाज फाटते म्हणून तं त्या पार्टीनं इकलं असन!"

दुकानदाराचं तोंड पडलं. भाव उतरला. मी दाराकडे गेलो, आणखी उतरला. साळा मान खाली घालून हसू दाबत होता. त्याला माझी रीत ठाऊक होती. मी इसार दिला आणि उरलेले पैसे देऊन मशीन शंकरपटाच्या आदल्या दिवशी नेईन असं ठरवलं.

ठरल्या दिवशी मी एकटाच गेलो. साळा पार्टीला घेऊन पटाच्या गावी, एकोडीकडे निघाला होता. पैसे द्यायच्या आधी मशीन तपासायला मी काही विसरलो नाही. माइक लावला, आयुष्यभर तपासत आलो तसं तपासलं. "हॅलो, हॅलो." खणखणीत आवाज. पैसे मोजून दिले, मशीन गोणपाटात बांधलं, एसटीच्या टपावर चढवलं आणि साकोलीहून बैलबंडीत घालून दुसऱ्या दिवशी दुपारी थेट पटाच्या मैदानावर उतरवलं.

बैलांच्या जोड्या पळून झाल्या आणि दिवस मावळता आमचा कार्यक्रम सुरू झाला. जनरेटर होता, त्यामुळे कमी व्होल्टेजवर दोष ढकलायचीही सोय नव्हती. साळ्याने ठोके मारले. मऊ, स्वच्छ, टपोरे. त्याने पायाचं बटण दाबलं. आणखी स्वच्छ. मशीनवरचे आवाजाचे सगळे कान पिळून शेवटापर्यंत नेले. लीडचा सूर टिणकन वाजला आणि मेला.

"आता हरिपाठ होऊ द्या!" कोणीतरी ओरडलं, आणि मैदान हसलं.

त्याने कसाबसा कार्यक्रम पुरा केला आणि गिटार खोळीत घातली.

"भाऊजी, हे ते मशीन नाही."

"तेच आहे. फाटलेलं कापड पाह्य."

तिसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन दुकानात शिरलो, तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती, एवढा माझा आवाज चढला होता. दुकानदार मात्र शांत होता.

"तुम्हीच तं बोंबलले ना भाऊ, आवाज फाटते म्हणून? रेडिओवाल्या मिस्त्रीले बोलावून साफ करून घेतलं. तुमच्याकून एक पैसा जास्त घेतला नाही."

"अरे, मी भाव करून राहिलो होतो!"

"ते मले कसं समजन?"

कसं समजेल! बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाला लंगडा म्हणतं, म्हणून मालक बैलाचा पाय कापून नवा बसवतो का? धंद्यावर बसलेल्या माणसाला भाव करणाऱ्याची भाषा कळू नये? मिस्त्रीला बोलावलं. त्याने आत काय काढलं, काय घातलं, त्याचं त्यालाच नीट आठवेना. त्याने पुन्हा खटपट केली. आवाज फाटला, पण पावसात भिजलेल्या भोंग्यासारखा. तो ठोका नाही, तो रडणारा सूर नाही. पैसे परत द्यायला दुकानदार तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर पैसे मला नकोच होते.

साळा संक्रांतीनंतर नागपूरला गेला. बायको माझ्यावर चिडली, तिच्या भावावर नाही. स्टँडवर मी त्याला म्हटलं, "तू तिथंच होता ना दुकानात. भाव ठरल्यावर शेठले एक शब्द बोलला असता तं?"

"भाऊजी, तुम्हीच म्हणाले होते, तोंडातून चकार शब्द काढू नको."

या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दुकानदाराचा तर नाहीच नाही.

पार्टी दोन हंगामांत मोडली. मी परत भोंग्यांवर आलो. ते मशीन मी विकलं नाही. पटाच्या पुकाऱ्याला वापरतो. लाखांदूरपर्यंत कुठेही लावलं की एखादा म्हातारा जवळ येऊन सांगतो, "काय साफ आवाज आहे हो तुमचा! एकेक शब्द समजते."

मी मान हलवतो आणि कान पिळून आवाज कमी करतो.