इल्माचा दूधभाऊ

मिठबावला खाडीच्या अंगाला अस्लमचं घर. पहाटे बर्फाच्या लाद्या टेम्पोत भरून तो बंदरावर नेतो. त्याची बायको हमिदा. तिची इल्मा पाच महिन्यांची होती तेव्हाची ही गोष्ट.

धाकटा दीर झैद, त्याची बायको अर्शिया बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणली. तिला कोल्हापूरला हलवलं. झैद तिच्यासोबत गेला आणि सहा दिवसांचा अरीब घरी आला. चमच्याने दूध दिलं की ओठांच्या कडेने गाळून टाकायचा. बाटली तर तोंडातच घेईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं रडणंही बारीक झालं, तेव्हा सासूने त्याला आणून हमिदाच्या मांडीवर ठेवलं.

"माका सांगूक लाज वाटता गो. पण तुज्या अंगावर दूध आसा. ह्या पोराक तरी पाज."

हमिदाने विचार केला नाही. पदर घेतला आणि पोराला जवळ ओढलं.

सोपं मात्र नव्हतं. इल्मा दहा मिनिटांत पोट भरून मोकळी व्हायची. अरीबला तास लागायचा. चार घोट ओढले की डोळे मिटायचा. मग तळपाय चोळ, कानाची पाळी कुरवाळ, ओल्या फडक्याने गाल पूस, की पुन्हा चार घोट. खांद्यावर घेऊन ढेकर काढेपर्यंत इल्मा उठायची. दोघं निजली असं वाटून हमिदा पाठ टेकते न टेकते, तोच अरीबची पुन्हा वेळ व्हायची. बसल्या बसल्या डोळा लागून पोर हातातून सुटेल या भीतीने ती भिंतीला गोधडीची घडी लावून, दोन्ही बाजूंना उशा रचून बसायची. सासू दिवसा तिला पेज नि अळिवाची खीर भरवायची, दुपारी दोन तास पोरं सांभाळायची. पहाटे तीन वाजता अस्लम उठायचा, आल्याचा चहा करून तिच्या हातात द्यायचा आणि इल्माला खांद्यावर घेऊन ओटीवर फिरायचा. अशा एकवीस रात्री गेल्या.

कोल्हापूरहून अर्शियाचा व्हिडिओ कॉल यायचा. ती रडायची. "भाभी, माज्या झिलाक तू जीव दिलंस. जल्मभर विसरूचंय नाय."

ती बरी होऊन परतली. तोवर अरीबने अंग धरलं होतं, बाटलीही घ्यायला लागला होता. लांबलेला अकीका, म्हणजे पोराच्या जन्माचा विधी, चाळिसाव्या दिवशी ठरला. अर्शियाच्या माहेरची, राजापूरची माणसं आली. पोराचं जावळ काढलं. हमिदा सरबताचे पेले घेऊन बायकांत आली, तेव्हा अर्शियाची मावशी विचारत होती, "तू दवाखान्यात, मग ह्येका पाजल्यान कोणी?"

अर्शिया हसून म्हणाली, "डब्याच्या दुधारच वाढलो तो. डॉक्टरान लिवन दिल्यान."

हमिदाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने पेले खाली ठेवले आणि अर्शियाला स्वयंपाकघरात गाठलं. "ह्या काय सांगितलंस गो?"

"भाभी, हळू बोल. आवस जिती आसताना झिलान जावेचां दूध पिलां म्हणान कसां सांगू? माजी इज्जत रवात?" मग नजर चुकवत म्हणाली, "अस्लमभाईंका ठावक आसा. तू काय बोलूचंस नाय असो तेंनी झैदाक शब्द दिल्यानी."

बाहेर जाऊन तिने अस्लमला गाठलं. "तुमी रोज बघलात मा?"

"घरातली गोष्ट घरात रवांदे," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "बोलान तुका काय मिळतलां?"

ती गप्प बसलीही असती. पण जेवणं व्हायच्या आधी मावशीने दोन्ही पोरं एका चादरीवर ठेवली आणि म्हणाली, "ह्या दोघांचां आताच जमवन ठेवा. घरातल्या घरात सोयरीक!" सगळ्या हसल्या. अर्शियाही हसली.

"ह्यांचां लगीन होवचां नाय," हमिदा म्हणाली. "तो इल्माचो दूधभाव. एका दुधाच्या भाव-भयणीचो निको हराम. एकवीस रात्री मी पाजलंय तेका."

"भाभी मस्करी करता," अर्शिया घाईने म्हणाली. बायकांनी दारातल्या अस्लमकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "जेवूक वाढा."

एवढंच.

शेवटी सासू उठली. "हमिदा खोटां बोलणा नाय. मीच पोराक तिच्या मांडयेर दिलंय. ह्या लपवन ठेवूचां नसता."

अर्शिया त्याच संध्याकाळी अरीबला घेऊन राजापूरला गेली. झैद दोन महिने भाभीशी बोलला नाही. आठवड्याने अस्लम म्हणाला, "माजां चुकलां." हमिदा पोळ्या भाजत होती, तिने मान वर केली नाही. त्याचं जेवणखाण, कपडेलत्ते ती सगळं करते, पण मनातलं काही त्याला सांगत नाही.

ईदला अर्शिया आली. अरीब आठ महिन्यांचा, गुटगुटीत. सासूने त्याला हमिदाकडे दिलं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, ओठ काढले आणि भोकाड पसरलं. हमिदाने त्याला एकदा छातीशी धरलं आणि अर्शियाच्या हातात परत दिलं. अर्शियाने त्याला घेतलं, पण हमिदाकडे पाहिलं नाही.