पडद्यावरचे बिबडे

नानांना धुळ्यात थांबवायचं तर घरात होम थिएटर पाहिजे, हा शोध आमच्या ह्यांनी एका रविवारी पोहे खाता खाता लावला. नाना म्हणजे माझे सासरे. दिवाळीनंतर सासूबाई गेल्या आणि नाना भडगावजवळच्या गावात एकटे पडले, म्हणून हे त्यांना धुळ्यातल्या देवपूरला आमच्याकडे घेऊन आले. आले खरे, पण रमेनात. दर सोमवारी सकाळी आंघोळ उरकून, टोपी घालून, पिशवी पायाशी ठेवून दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. "मी निंघस," एवढंच म्हणायचे. मग हे ऑफिसला उशीर करून त्यांच्या मिनतवाऱ्या करणार, पिशवी आत नेऊन ठेवणार. वय झालेला माणूस, एकटा राहिला आणि काही झालं तर घोटभर पाणी कोण देईल, या धास्तीनं ह्यांची झोप उडाली होती. धास्ती खोटी नव्हती. उपाय मात्र येडपट होता.

"आपला टीव्ही लहान आहे ना, म्हणून नानांचं मन लागत नाही," हे म्हणाले.

"अहो, नाना जन्मभर गिरणेच्या काठावर बसून नदी बघत आले. तिला काय रिमोट होता?"

"नदी मोठी असते. म्हणून तर म्हणतो, मोठा पाहिजे!"

कपाळ माझं! पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मला शाळेत पगार मिळतो, घरी फुकट कशाला ओतू?

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. मोठा टीव्ही की प्रोजेक्टर? ताटावर बसलं की ह्यांचं सुरू, लुमेन किती आणि कॉन्ट्रास्ट किती. मी विचारलं, लुमेन म्हणजे काय? तर म्हणे उजेड. मग उजेड म्हणा ना, मेलं! माझं मत टीव्हीला होतं. लावला की लागतो, बंद केला की बंद होतो, आठवड्यातून एकदा फडकं मारलं की झालं. ह्यांचं मन प्रोजेक्टरवर. "भिंतभर चित्र दिसतं गं," असं म्हणताना ह्यांचे डोळे असे चमकायचे, की तसे आमच्या लग्नातही चमकले नव्हते.

नानांना कुणी विचारलं नव्हतं. ते खुर्चीत बसून आमच्या दोघांची भांडणं बघायचे. मला वाटतं, धुळ्यात आल्यापासून तेवढीच त्यांची करमणूक होती.

शेवटी ठरलं, नानांनाच घेऊन जायचं आणि त्यांना आवडेल ते घ्यायचं. तेही जळगावला. का, तर तिकडे म्हणे व्हरायटी आहे. धुळ्यातले दुकानदार काय पापड विकतात का? पण निघालो. आणि तिथे मला कळलं की नानांना आपण कुठल्या बाजाराला चाललोय याबद्दल काहीच शंका नव्हती. नाना गावातले बैल पारखणारे. कुणाला जोडी घ्यायची असली की नानांना सोबत नेल्याशिवाय बाजार व्हायचा नाही. शोरूममध्ये शिरल्याबरोबर त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि पहिल्याच टीव्हीच्या पुट्ठ्यावर सणसणीत थाप मारली. टीव्ही भिंतीवर थरथरला. मिशीवाला सेल्समन धावत आला. "बाबा, हळू, हळू!"

नानांनी मान वाकडी करून टीव्ही आणि भिंतीच्या फटीत बघितलं. "पाठ किती पातळ शे. हाऊ टिकाव नही."

दुसऱ्याला बाजूनं, मागून, खालून बघितलं. तिसरा मात्र त्यांच्या नजरेत भरला असावा. खांद्यावरचा टॉवेल काढला, सेल्समनचा हात आपल्या हातात घेतला, त्यावर टॉवेल टाकला आणि टॉवेलखाली त्याची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो. कापडाखाली बोटं दाबून, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही. मला माहीत होतं. त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? तो लाल झाला, मग पांढरा पडला. "ताई, बाबा माझा हात सोडत नाहीयेत," तो मला हळूच म्हणाला. मी पदर तोंडात कोंबून फ्रिजच्या रांगेमागे पळाले.

"नाना, इथे भाव लिहिलेला असतो हो," हे म्हणाले.

"बठ्ठासना समोर?" सगळ्यांसमोर भाव, म्हणून नानांना धक्काच बसला. त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. असल्या उघड्यावरच्या व्यवहारात आपण पडणार नाही, असं ठरवून ते बाहेर गेले. माझा टीव्ही तिथेच बुडाला.

दुसऱ्या दुकानात प्रोजेक्टर दाखवायची वेगळी खोली होती. आत काळोख, एसी फुल्ल, मागे रेलणाऱ्या गुबगुबीत खुर्च्या. पडद्यावर मोटारी उडत होत्या, पूल कोसळत होते, चारी बाजूंनी धडामधूम. मी कानावर हात ठेवून नानांकडे बघितलं, तर नाना घोरत होते. तोंड उघडं, टोपी नाकावर. आमच्या ह्यांचे डोळे भरून आले. "बघ," मला म्हणाले, "धुळ्यात आल्यापासून असे निवांत झोपले नव्हते."

"अहो, झोपले म्हणजे आवडलं, असं कुठे असतं?"

पण कौल लागला होता. प्रोजेक्टर आला. सोबत घडी घालता येणारा, पांढराशुभ्र, कापडी पडदा आला.

आता आमच्या खान्देशातला एप्रिल. कुलरशिवाय माणूस हॉलमध्ये टिकत नाही. कुलर असतो खिडकीत, आणि खिडकी उघडी नसली तर तो दमट भपकारा सोडतो. खिडकी उघडी ठेवली तर उजेड आत येतो आणि प्रोजेक्टरवर काही दिसत नाही. ह्यांनी बाकी सगळ्या फटींना गोधड्या लावल्या, कुलरभोवती माझी जुनी साडी गुंडाळली आणि नानांची आवडती कुस्ती लावली. कुलर सुरू झाला आणि पडदा फडफडायला लागला. दोन्ही पैलवानांची पोटं पडद्यावर लाटा मारायला लागली. एकाचं डोकं लांबायचं, दुसऱ्याची तंगडी आखडायची.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या लढी राह्यनात का नाची राह्यनात?"

कुलर बंद केला तर कुस्ती नीट दिसे, पण आम्ही वाफाळत होतो. त्यावर ह्यांनी तोडगा काढला, की थिएटर गच्चीवर न्यायचं. दिवस मावळल्यावर तिथे वारं शांत असतं, भिंतीला खिळे ठोकले की पडदा ताणून बसतो. दुसऱ्या दिवशी शनिवार. संध्याकाळी मोठा कार्यक्रम करायचं ठरलं. पडदा घडी घालून गच्चीवरच्या खाटेवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आपापल्या कामाला गेलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की त्याच दिवशी अक्का येणार आहेत.

अक्का म्हणजे नानांची धाकटी बहीण, गावात त्यांच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या. त्या दर उन्हाळ्यात आमच्यासाठी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ घेऊन येतात. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून केलेलं. ते तीळ, लसूण घालून शिजवायचं, मऊ असतानाच पातळ थापायचं आणि कापडावर वाळत घालायचं. वाळले की कापडाला मागून पाणी लावून सोडवायचे. बिबड्यांना मोठं, स्वच्छ, पांढरं कापड लागतं. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं सांगायला नको.

मी शाळेतून आले तेव्हा गच्चीवर अक्का आणि शेजारच्या दोघी पाय पसरून बसल्या होत्या, नाना बिबड्यांवर बसणारे कावळे हाकत होते, आणि उन्हात ह्यांचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बिबड्यांनी भरला होता.

"काय झकास कापड शे व माय!" अक्का मला म्हणाल्या. "जरा चिकटत नही."

मागोमाग हे आले. जिन्यातून वर येताना शीळ घालत होते. शीळ मध्येच तुटली. मग मी आमच्या लग्नापासून ऐकला नव्हता असा आवाज त्यांच्या घशातून निघाला. "अक्का, तो पडदा आहे! थिएटरचा पडदा! त्याचे पैसे..." अक्का भांबावल्या. शेजारणी खाली बघून हसू दाबायला लागल्या.

आणि नाना हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग टोपी पडली. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला मी हसताना पाहिलं नव्हतं. हे तोंड उघडं टाकून बघत राहिले. रागवायचं राहूनच गेलं.

बिबडे सोडवले तरी पडद्यावर ठळक गोल डाग राहिले, काही ठिकाणी तीळसुद्धा. तरीही संध्याकाळी पडदा टांगला. गल्ली लोटली. नुकतेच भाजलेले बिबडे आणि शेंगदाणे सगळ्यांच्या हातात. पैलवान आखाड्यात उतरला तर त्याच्या पाठीवर, छातीवर, गालावर चट्टेच चट्टे. "पहेलवानले देवी निंघनी का रे?" नाना ओरडले, आणि गच्ची खो खो हसली. मागच्या बायकांचं कुस्तीकडे लक्ष नव्हतं. "कोपऱ्यातला जाड थापला गेला बघ," एवढंच चाललं होतं. हे माझ्या कानात म्हणाले, "रमले गं नाना. आता राहतात." मलाही तसंच वाटलं. फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी नाना आंघोळ करून, टोपी घालून, पिशवी घेऊन दाराजवळ बसले होते. शेजारी अक्काही.

ह्यांनी या वेळी मिनतवारी केली नाही. पायरीवर बसले. "नाना, काय कमी पडलं?" एवढंच विचारलं.

"काहीच कमी नही रे भाऊ. तू चांगला शे, वहू चांगली शे. पन आठे मी पाव्हना शे."

हे उठून आत गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आले ते प्रोजेक्टरचं खोकं आणि पडदा घेऊन. "हे घेऊन जा. तुमच्यासाठीच आणलं होतं. मला काय करायचंय?"

नानांनी खोकं मांडीवर घेतलं, उलटंपालटं केलं. "माले ते लावता येत नही. लावाले कोन ई?"

"मी येईन शनिवारी."

तेव्हापासून आमचा शनिवार गावात. हे वायरी जोडतात, नाना शेजारी बसून विचारतात, हाई बटन कोनतं, ते कसानं. हे न चिडता सगळं सांगतात, मग बापलेक खाटेवर शेजारी बसून कुस्ती बघतात. पुढच्या शनिवारी नाना सगळं विसरलेले. पुन्हा पहिल्यापासून. असं पावसाळाभर चाललं, तेव्हा ह्यांना नवीन धास्ती बसली. नानांची स्मरणशक्ती जात चालली, डॉक्टरकडे न्यायला हवं. मलाही काळजी वाटली. म्हणून मी अक्कांना फोन केला. नाना घरचं विसरतात का, वाट चुकतात का?

"काय बी नही!" अक्का म्हणाल्या.

"मग ते मशीन कसं विसरतात दर वेळी?"

"इसरस कसाले? रोज संध्याकायले लावस तो. बठ्ठी गल्ली जमा व्हस." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "पन तुना नवराले सांगू नको, माय. नानानी सांगेल शे."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले, आणि हसलेसुद्धा. ह्यांना सांगितलं, अक्का म्हणतात, वयानं होतं थोडंफार, डॉक्टर नको.

परवाच्या शनिवारी गेलो तर पडदा टांगलेला, स्टुलावर प्रोजेक्टर, वायर लावलेली. नाना त्याच्यासमोर गोंधळल्यासारखा चेहरा करून बसलेले. "हाई बटन कोनतं रे भाऊ?"

ह्यांनी त्यांचं बोट धरलं आणि बटणावर ठेवलं. "हे, नाना. हे लाल."

नानांनी ह्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले.